नमुन्यातली सही

"ही सही कोणाची?" तपासणीला आलेल्या उरकुडे साहेबांनी विचारले.

"तुमची जी," मी म्हटले.

"मी कधी केली?"

"तुम्ही नाही केली. मी केली."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. कागद तोच होता. शेजारी आमचे मुख्याध्यापक बोरकुटे सर बसले होते. त्यांनी चहाचा कप तोंडाकडे नेला होता, तो मध्येच थांबला.

"काहून केली?"

"नमुन्यात होती."

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि हायस्कुलात मास्तर होऊन मला सोळा दिवस झाले होते.

मी बुरूड. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या कडेला आमचे गाव. सूप, टोपल्या, परड्या, धान ठेवायच्या ढोल्या, हे आमच्या घरात बापाच्या बापापासून चालते. अक्षरे मला छत्तिसाव्या वर्षी आली. त्याआधी सगळीकडे अंगठा. ग्रामपंचायतीत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला, बायको म्हणाली जा, मी गेलो. दीड वर्षात वाचता येऊ लागले. एसटीची पाटी, रेशनचा फळा, लग्नाची पत्रिका. लिहायचे म्हणजे वर्गाच्या बाई फळ्यावर लिहीत ते पाटीवर उतरवायचे. बाई म्हणत, गोमाजी, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे. ज्याने जन्मभर बांबूच्या कामट्या सरळ काढल्या त्याला रेघ सरळ काढणे अवघड जात नाही.

त्या वर्षी हायस्कुलात नववीला बांबूकाम हा विषय सुरू करायला परवानगी आली. बी.एड. झालेला बांबूवाला जिल्ह्यात कुठे सापडला नाही. मग शिक्षण कार्यालयाने कळवले की कारागीर चालेल, मात्र त्याला सही करता आली पाहिजे. मला येत होती.

परवानगी एका वर्षाची होती. जुलैत वर्षाचे नियोजन तपासून मंजूर झाले तर विषय राहणार. नाही झाले तर विषय घेतलेल्या अकराही पोरांना बागकामात बसवायचे आणि मी घरी जायचे. या अकरांत एकही बुरडाचा नव्हता. बुरडांची पोरे बागकामात होती.

शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांना सर म्हणत. मला गोमाजी म्हणत. पोरांना काय म्हणावे ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून ती मला बाबा म्हणत.

मंगळवारी बोरकुटे सरांनी मला बोलावले.

"गोमाजी, वार्षिक नियोजन द्या. शनिवारी साहेब येणार आहेत."

"ते काय असते जी?"

"वर्षभर काय शिकवणार ते. कोणत्या महिन्यात कोणता घटक, तासिका किती, साहित्य काय, मूल्यमापन कसं. तक्ता करायचा."

"मला नाही येत."

"निमजे सरांकडून नमुना घ्या. नमुन्याप्रमाणे करायचं. अगदी नमुन्याप्रमाणे, साहेब कडक आहेत."

निमजे सर भूगोल शिकवत. त्यांनी मागच्या वर्षीचे नियोजन काढून दिले. "भूगोल असेल तिथं बांबूकाम घाला," ते म्हणाले आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.

मला चार दिवस लागले. मी कामटीची पट्टी केली आणि रेघा आखल्या. भूगोल होता तिथे बांबूकाम घातले. पृथ्वी होती तिथे बांबू. बाकी सगळे जसेच्या तसे, काना-मात्रा न सोडता. शेवटी पानाच्या तळाशी लाल शाईत दोन शब्द होते, 'तपासले. योग्य.' आणि खाली सही. त्यासाठी मी बाजारातून लाल पेन आणला. सही सोपी नव्हती. तिला तीन वेटोळी होती, एक लांब शेपूट आणि शेपटाखाली दोन टिंबे. जुन्या पेपरवर चाळीस वेळा काढून पाहिली, तेव्हा हात बसला. चार दिवसांच्या कामात तीच सगळ्यांत चांगली उतरली होती.

ती आता साहेबांच्या बोटाखाली होती.

"यावर गुन्हा दाखल होतो, माहीत आहे?" साहेब म्हणाले.

"माहीत नव्हतं जी. आता झालं."

"साहेब, माणूस साधा आहे," बोरकुटे सर म्हणाले. "नवीन आहे. सोळा दिवस झाले येऊन."

"साधा माणूस अधिकाऱ्याची सही करत नाही, बोरकुटे. आणि केली तर इतकी हुबेहूब करत नाही." ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला यात चूक वाटते की नाही?"

"वाटते जी. लाल शाई जरा फिकी आली."

बोरकुटे सरांनी कप खाली ठेवला.

साहेबांनी पान वरपासून वाचायला घेतले. "जुलै. बांबूचे अंतरंग. आठ तासिका." त्यांनी मान वर केली. "आठ तासिका काय शिकवणार त्यात?"

"आत पोकळ असते जी. एका तासिकेत होऊन जाते."

"मग आठ काहून लिहिल्या?"

"नमुन्यात आठ होत्या."

"ऑगस्ट. ज्वालामुखी व भूकंप. हे बांबूत कुठं येतं?"

"येत नाही. पण गाळायला कोणी सांगितलं नव्हतं."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला, उडू नये म्हणून ठेवतात तसा. वारा काही नव्हता. "विषय बंद करावा लागेल, बोरकुटे. असं काही मला वर दाखवता येत नाही."

"अकरा पोरं आहेत, साहेब."

"बागकामात घ्या."

दार उघडे होते आणि पलीकडच्या वर्गात कोणी तरी पाढे म्हणत होते. साहेब उठता उठता थांबले आणि मला म्हणाले, "सोळा दिवस झाले म्हणता. काय शिकवलं सोळा दिवसांत?"

"बसायला."

"म्हणजे?"

"कामाला कसं बसायचं ते. दोघाइले अजून जमलं नाही."

"हे यात कुठं आहे?"

"नमुन्यात नव्हतं."

साहेब परत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग घड्याळ पाहिले. "साडेअकरा झालेत. मी बोरकुटेंकडे जेवायला जातो. माझी एसटी अडीचची आहे. तोवर तुम्ही जे शिकवता, ते लिहून ठेवा. कोणाचा नमुना बघायचा नाही. पटलं तर विषय राहील. नाही पटलं तर बंदचा शेरा मारून जातो."

"होय जी."

"आणि सही करू नका. ती मी करीन, करायची असली तर."

शनिवारची सकाळची शाळा होती, ती तेवढ्यात सुटली. पोरे घरी गेली. निमजे सरांनी मला व्हरांड्यात गाठले. त्यांचा नमुना होता म्हणून त्यांना वाईट वाटत होते.

"गोमाजी, घाबरू नका. तुम्ही सांगा, मी लिहितो. दहा मिनिटांत होते."

मला बरे वाटले. आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलो. त्यांनी कागद घेतला, रेघा मारल्या आणि पेन उघडला. "बोला. जुलै. पहिला घटक."

"बसणे."

"कार्यस्थिती व आसनपद्धती," ते म्हणाले आणि लिहू लागले.

"हे काय असते जी?"

"बसणेच."

"मग बसणेच लिहा नं."

"तसं लिहीत नाहीत. दुसरा घटक?"

"बोट कापते."

त्यांनी विचार केला. "सुरक्षाविषयक दक्षता."

"दक्षता घेतली तरी कापते, सर. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं कापते. न कापता कोणाला आलं नाही."

निमजे सरांनी पेनाचे टोपण लावले. ते चिडले नव्हते. "असं तक्त्यात लिहिता येत नाही, गोमाजी."

"मग राहू द्या," मी म्हटले. "मी लिहितो."

हे मी का म्हटले ते मला तेव्हा कळले नाही. म्हणून झाल्यावर मागे घेण्यासारखेही काही नव्हते. त्यांनी दोन कोरे कागद आणि त्यांचा पेन मला दिला.

आमचा वर्ग म्हणजे मोडके बाक ठेवायची खोली होती. बाक एका भिंतीला रचले होते आणि उरलेल्या जागेत आम्ही बसत होतो. मी जमिनीवर बसलो, कागद पुढे ठेवला. बारा वाजले. साडेबारा वाजले. कागद तसाच. जुलै एवढे लिहिले होते.

मला लिहिता येत नव्हते असे नाही. आठ वर्षे लिहीत होतो. पण त्या खोलीत बसल्यावर लक्षात आले की आठ वर्षांत मी एकही वाक्य आपले लिहिले नव्हते. फळ्यावरचे लिहिले, पत्रिकेवरचे लिहिले, निमजे सरांचे लिहिले. प्रत्येक वेळी समोर काही तरी असे आणि मी ते पाहून उतरवत असे. आज समोर काही नव्हते.

कोपऱ्यात मागच्या हिवाळ्यातला एक बांबू होता. मी तो घेतला. सुरी घेतली. एक गुडघा वर केला, एक मांडी खाली टाकली आणि कामट्या काढू लागलो. दुसरे करण्यासारखे काही सुचत नव्हते. चार-पाच कामट्या निघाल्या तेव्हा मी थांबलो आणि हाताने आताच काय केले ते पाहिले. मग पेन घेतला आणि ते लिहिले. परत सुरी घेतली, थोडे केले, थांबलो, लिहिले. हाताकडे पाहून उतरवले.

पावणेदोनला साहेब आले, मागे बोरकुटे सर. माझ्या मांडीवर अर्धी टोपली होती आणि पुढ्यात दोन पाने. साहेबांनी एक बाक ओढला, तो डुगडुगला, मग दुसरा ओढला. बसून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कदाचित बोरकुटे सरांसाठी असेल.

"जुलै. बसणे. एक गुडघा वर, एक मांडी खाली. पाठ दुखेल. मग सुरीला धार लावणे. बोट कापेल. हळद आणि चिंधी साहित्यात धरावी."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. पुढे वाचले.

"ऑगस्ट. धानाची रोवणी. पोरे येणार नाहीत. तासिका शून्य." ते थांबले. "शून्य? मी आत्ताच मागच्या वर्षीची हजेरी पाहिली. ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले आहेत."

बोरकुटे सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"हजेरी असते जी," मी म्हटले. "पोट्टे नसतात."

साहेबांनी बोट पुढच्या ओळीवर नेले. "सप्टेंबर. जंगलात जाऊन बांबू पाहणे. हात लावायचा नाही. वास्ते निघालेले असतात, म्हणजे कोवळे कोंब. आता थोरला तोडला तर तेही मोडतात. कोणता बांबू पहिल्या वर्षाचा, कोणता दुसऱ्या, कोणता तिसऱ्या, हे ओळखणे. तिसऱ्याचाच आपला. दिवाळीनंतर तोडणे. मग दोन महिने कामट्या. सारख्या येईपर्यंत कामट्या."

पान उलटले.

"जानेवारी. टोपलीचे बूड विणणे. उसवणे. परत विणणे. परत उसवणे. जो उसवताना रडेल त्याला रडू द्यावे. मी रडलो होतो."

साहेबांनी तेवढी ओळ मनात परत वाचली असावी, कारण त्यांचे ओठ हलले.

"मार्च. सूप. एप्रिल. मूल्यमापन." इथे त्यांनी चष्मा सारखा केला. "सूप आईला देणे. आई आठ दिवस त्यात धान पाखडेल. ती जे म्हणेल ते मार्क." ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मार्क आई देणार?"

"सूप तीच वापरते जी."

"आणि तिनं लाडानं जास्त दिले तर?"

"धान सांडलं तर नाही देत. मले माहीत आहे."

"अन् नाहीच आवडलं तर?"

"तर उसवायचं."

साहेबांनी खिशातून पेन काढला आणि तासिकांची बेरीज केली. दोनदा केली. "वर्षाच्या साठ लागतात. तुमच्या चोपन्न भरतात."

"सहा ठेवल्या जी."

"कशाला?"

"बोट बरं होईपर्यंत."

बोरकुटे सरांना खोकला आला. साहेबांना नाही आला. त्यांनी बेरजेत सहा घातले, साठ लिहिले, मग पेन खिशात ठेवला आणि दुसरा काढला. तो लाल होता. पानाच्या तळाशी त्यांनी लिहिले, 'तपासले. योग्य.' आणि मांडीवरच कागद धरून सही केली.

मी जवळून पाहिली. घाईत एक वेटोळे अर्धेच राहिले होते. माझी बरी होती.

"ते पहिलं पान फाडून टाकू का, साहेब?" बोरकुटे सरांनी विचारले.

"द्या इकडे." साहेबांनी त्याची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. "हे माझ्याजवळ राहू द्या."

कशाला, ते त्यांनी सांगितले नाही. पुढे वर्षभर दारात पोलीस दिसला की मला तो खिसा आठवे.

घरी गेलो तर माझी बायको सुगंधा अंगणात चुलीसाठी काड्या मोडत होती. "काय झालं जी?"

"राहिला विषय."

"मग तोंड असं काहून?"

"बोटं दुखून राहिली."

"किती टोपल्या केल्या?"

"अर्धी. बाकी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"आपलं," मी म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले आणि काड्या मोडत राहिली.

पुढच्या वर्षी विषयाला तेवीस पोरे आली. त्यात चार बुरडांची होती. मी चौदा वर्षे शिकवले. तेच नियोजन दर वर्षी दिले, फक्त हळदीच्या जागी पुढे औषधाची पेटी आली.

उरकुडे साहेब त्यानंतर बदलून गेले. माझी त्यांची भेट झाली ती थेट गेल्या साली, होळीच्या आधी. दुपारी एसटीतून उतरून एक म्हातारा माझे घर विचारत आला. काठी होती, पण चालणे ताठ होते. मी ओसरीवर सूप विणत होतो. ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ओळखलं?"

मी ओळखले नाही. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी काढली. घड्यांवर कागद फाटला होता, तिथे मागून पट्ट्या चिकटवल्या होत्या. बांबूचे अंतरंग, आठ तासिका. तेव्हा ओळखले.

सुगंधाने पाणी दिले. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धे पाणी सांडले.

"हाताला कंप आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. बँकेत गेलो तर तिथला पोरगा म्हणतो, आजोबा, सही जुळत नाही. मी परत केली. म्हणतो, ही पण जुळत नाही. शाईची डबी पुढं केली अन् म्हणाला, अंगठा द्या."

"मग?"

"नाही दिला. अठ्ठेचाळीस वर्षं सह्या केल्या मी. लोकांचे अंगठे बंद व्हावे म्हणून गावोगाव फिरलो. आता मी अंगठा देणार नाही."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. कागदही हलत होता. तळाशी लाल शाई होती, आता तपकिरी झालेली. तीन वेटोळी, लांब शेपूट, शेपटाखाली दोन टिंबे.

"घरात शोधलं सगळं. माझी इतकी चांगली सही दुसरी नाही," ते म्हणाले. "तुम्ही ती पाहून-पाहून शिकलात. मी कधी शिकलो नाही, नुसतीच करत गेलो. शिकवा."

मी सूप बाजूला ठेवले. आत जाऊन नातीची वही आणि पेन्सिल आणली. त्यांना ओसरीवर बसवले. एक गुडघा वर घेता येईना, म्हणून पाट दिला, भिंतीला पाठ लावली, कोपर गुडघ्यावर टेकवले. बसण्यातच पाऊण तास गेला. मग म्हटले, आता शेपूट नाही, टिंबे नाहीत, पहिले वेटोळे तेवढे. हात नाही हलवायचा, खांद्यातून आणायचे.

ते मन लावून करत होते. पेन्सिलचे टोक एकदा मोडले, सुगंधाने सुरीने करून दिले. ऊन अंगणातून निघून कुंपणावर गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिन्ही वेटोळी आणि शेपूट एका दमात काढली. वही माझ्याकडे वळवली आणि वाट पाहत राहिले.

मी पाहिली. दुसरे वेटोळे पहिल्यावर चढले होते.

"उसवा," मी म्हटले.

त्यांनी वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कागदावरचं कसं उसवायचं, सर?"

"पान उलटा," मी म्हटले.